गाडीची खालची जाळी घरी काळी करताना

प्रश्न थोडक्यात असा. सहा वर्षं जुनी हॅचबॅक, इंदूरच्या सुदामा नगरात घरासमोर उघड्यावर उभी राहते. पुढच्या बंपरातली खालची जाळी पांढुरकी पडली म्हणून गेल्या दिवाळीत काळ्या स्प्रेचा डबा आणून जागच्या जागी मारला. पावसाळ्यापर्यंत जाळी छान दिसली. मग वॉशिंगवाल्याने प्रेशरचं पाणी मारलं आणि रंगाचे पापुद्रे निघाले. आता पुन्हा घरीच करायचंय. जाळी काढावी लागेल का, चकचकीत ग्लॉस घ्यावा की चमक नसलेला मॅट, आणि या वेळी रंग टिकेल का?

टिकेल. पण आधी तो का निघाला हे पाहायला हवं, कारण दोष बहुतेक डब्यातल्या रंगाचा नसतो. खालची जाळी ही गाडीवरची सगळ्यात वाईट जागा. पुढच्या डंपरच्या चाकाखालून उडालेली खडी तिथेच लागते, काळ्या मातीचा चिखल तिथेच थापला जातो आणि वॉशिंगवाला पाण्याची नळी तिथेच सगळ्यात जवळून धरतो. एवढा मार खाणाऱ्या जागी रंग नुसता वर बसून चालत नाही, त्याने प्लास्टिकला धरून ठेवायला हवं. ते होणार की नाही, हे डब्याचं झाकण उघडण्याआधीच ठरलेलं असतं.

बऱ्याच गाड्यांची रंग न दिलेली खालची जाळी पॉलिप्रॉपिलीनची असते, म्हणजे पीपीची. घरातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मायक्रोवेव्हमध्ये चालणारे डबे बहुधा याच प्लास्टिकचे. या प्लास्टिकला काहीच चिकटायला तयार नसतं. पाणी टाकलं तर पसरत नाही, थेंब होऊन ओघळतं, आणि रंगाचीही तीच गत. वरवर वाळतो, पण पकड नसते, मग एका कोपऱ्यातून हवा शिरली की अख्खा पापुद्रा सालीसारखा निघतो. तुमचे पापुद्रे मोठे, सलग निघाले असतील आणि खाली स्वच्छ प्लास्टिक दिसत असेल, तर कारण हेच.

जाळी पीपीची आहे की एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकची, हे मागच्या बाजूला कोरलेलं असतं. दोन कोनांच्या चिन्हांमध्ये अक्षरं दिसतील: नुसतं पीपी, किंवा पीपी आणि ईपीडीएम (हे एक रबर), पुढे टीडी २० वगैरे. टीडी २० म्हणजे त्यात २० टक्के टाल्कची पूड आहे. हे मुद्दाम सांगण्याचं कारण असं की 'पाण्यात तरंगलं तर पीपी, बुडलं तर एबीएस' ही ऐकीव कसोटी इथे फसवते. साधं पीपी तरंगतं, पण टाल्क भरलेलं पीपी पाण्याहून जड होऊन बुडू शकतं. अक्षरं सापडली नाहीत तर मागच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा दहा सेकंद दाबून पाहा. नखांचं पॉलिश काढायचं अ‍ॅसिटोनवालं द्रव्यही चालेल. एबीएस लगेच चिकट होतं, कापसाचे धागे त्याला धरतात. पीपीला काहीही होत नाही. ही कसोटी पुढेही उपयोगाची आहे, कारण जुना रंग कशाने काढायचा हे तिच्यावरच ठरतं.

जाळी काढावी लागेल का? काढावी, असंच माझं मत आहे. जागेवर मारलेला रंग फक्त समोरच्या तोंडावर बसतो, जाळीच्या खिडक्यांच्या, म्हणजे भोकांच्या, आतल्या भिंती राखाडीच राहतात आणि बाजूने पाहिलं की काम अर्धवट दिसतं. शिवाय जाळीच्या मागे लगेच एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारा भाग, असतो. त्याच्या पातळ पात्यांवर रंगाचा फवारा बसत गेला तर हवेची वाट कमी होते, आणि मे महिन्याच्या दुपारी एबी रोडच्या जॅममध्ये त्याची किंमत मोजावी लागते.

जाळी काढायला आधी बंपर उतरवायचा. तो बहुधा तीन ठिकाणी धरलेला असतो: बॉनेटखाली वरच्या कडेला, दोन्ही चाकांच्या कमानीत आणि खाली इंजिनच्या पत्र्याला किंवा प्लास्टिकला. प्लास्टिकच्या क्लिपा दोन जातीच्या असतात. एकीची मधली खुंटी चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने वर उचलायची आणि मग क्लिप ओढायची, दुसरीची खुंटी आत दाबायची. नुसती जोराने उपटली तर तुटते, म्हणून सियागंजच्या बाजारातून चार-सहा जास्तीच्या क्लिपा आधीच आणून ठेवा. जुनी एक क्लिप नमुन्याला घेऊन जा, मापं सारखी दिसतात पण असत नाहीत. गाडी बंद करून, चावी काढून, मगच फॉग लॅम्पचे कनेक्टर सोडवा. एका कडेने बंपर सैल झाला की दुसऱ्या माणसाने धरायला हवा, नाहीतर लटकलेल्या वायरीवर सगळा भार येतो आणि बंपरचा कोपरा फरशीवर घासतो. बंपर उतरला की जुन्या चादरीवर उलटा ठेवा. जाळी मागून आठ-दहा जिभांनी बंपरमध्ये अडकलेली दिसेल. थंडीच्या सकाळी या जिभा काडकन मोडतात. अर्धा तास उन्हात ठेवून किंवा कढत पाणी ओतून सैल करा आणि एका टोकाकडून एकेक दाबत या.

नंबर प्लेटबद्दल एक सावधगिरी. हाय सिक्युरिटी प्लेटचं लॉक एकदा बसलं की न मोडता निघत नाही. म्हणून प्लेट काढायच्या भानगडीत पडू नका, बंपरबरोबर येऊ द्या. ती जाळीवरच बसवलेली असेल तर टेप आणि कागदाने पूर्ण झाकून घ्या. पार्किंग सेन्सरच्या गोल टिकल्यांवर रंग मारू नका. काही नव्या गाड्यांमध्ये पुढच्या वाहनाचं अंतर मोजणारा रडार खालच्या जाळीच्या मधोमध गुळगुळीत चौकोनी झाकणाआड असतो, त्या झाकणालाही हात लावू नका. आपोआप उघडझाप करणाऱ्या पट्ट्या जाळीमागे असतील तर त्या आणि त्यांच्या बिजागऱ्या रंगापासून दूर ठेवा.

जाळी बंपरबरोबर एकसंध ओतलेली असेल तर ती निघत नाही. मग बंपर काढून जाळीच्या कडेने मास्किंग टेप लावा, बाकीचा बंपर प्लास्टिकच्या कागदाने झाका आणि काम तसंच करा. बंपर काढायचाच नसेल, तर निदान जाळी आणि कंडेन्सर यांच्या मधल्या फटीत पुठ्ठे सरकवा.

आता मुख्य काम: धुणं. इथे घाई झाली की पुढचं सगळं वाया. बऱ्याच ठिकाणी गाडी धुतल्यावर राखाडी प्लास्टिकवर डिझेल, जळकं ऑइल किंवा चकचकीत टायर पॉलिश फिरवतात. दोन दिवस काळंभोर दिसतं. टायर पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं, आणि रंगाचा त्याच्याएवढा मोठा शत्रू दुसरा नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी चिकटपणा काढायचा, मग घासायचं. उलट केलं तर घासायचा सँडपेपर त्याच सिलिकॉनला ओरखड्यांमध्ये भरून टाकतो आणि मग ते कशानेच निघत नाही.

कोमट पाण्यात भांड्यांचं साबण घेऊन जुन्या टूथब्रशने प्रत्येक खिडकीचे चारही कोपरे घासा. काळ्या मातीचा थर कोपऱ्यात सिमेंटसारखा बसलेला असतो, त्याला दहा मिनिटं भिजत ठेवा. दोनदा धुवा. शेवटचं पाणी नर्मदेच्या नळाचं घ्या, बोअरिंगचं नको. आपल्याकडे बोअरिंगच्या पाण्यात क्षार फार असतात, थेंब जिथे वाळतो तिथे पांढरा डाग राहतो आणि त्या डागावर रंग धरत नाही. फक्त बोअरिंगच असेल तर शेवटी दोन लिटर आरओचं पाणी ओतून लगेच पुसून घ्या.

वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल. अर्धा लिटर पुरतं. औषधाच्या दुकानात स्पिरिट मागितलं तर सर्जिकल स्पिरिट हातात ठेवतील. त्यात एरंडेलासारखं तेल मिसळलेलं असू शकतं, ते घेऊ नका. पेट्रोल आणि रॉकेलही नको, दोन्ही मागे तेलकट थर सोडतात. पांढरं सुती फडकं घ्या, तेही कपडे मऊ करणाऱ्या द्रव्यात न बुडवलेलं. एका फडक्याने ओलं पुसायचं आणि अल्कोहोल उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. एकाच फडक्याने नुसतं फिरवत राहिलात तर तेल इकडचं तिकडे होतं. फडकं पांढरं निघेपर्यंत हे करत राहा. राखाडी पडलेल्या जाळीवर पहिल्या दोन-तीन वेळा फडकं काळं-राखाडी निघेल. उन्हाने प्लास्टिकचा वरचा थर कुजून जी भुकटी होते, ती ही. रंग या भुकटीवर बसला तर भुकटीसकट उडणार.

'पाणी सलग पसरलं म्हणजे पृष्ठभाग स्वच्छ' ही कसोटी पत्र्यावर चांगली चालते, कच्च्या पीपीवर नाही. स्वच्छ पीपीवरही पाण्याचे थेंबच होतात. इथे भरवसा फडक्यावर ठेवा.

तुमचा जुना, अर्धा निघालेला रंग आधी पूर्ण काढावा लागेल. सैल पापुद्र्याच्या शेजारचा रंगही आतून सुटलेलाच असतो, त्यावर नवा थर चढवण्यात अर्थ नाही. रुंद टेप दाबून ओढली की बराच निघेल, उरलेला जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडा. जाळी पीपीची असल्याची खात्री असेल तर चिवट डाग थिनरच्या फडक्याने पुसता येतात, फक्त भिजवत ठेवू नका. एबीएस असेल तर थिनर लांब ठेवा, जाळी वितळेल आणि तिला भेगा जातील. तिथे फक्त ४०० नंबरचा पेपर आणि सबुरी.

घासणं. वॉटर पेपर ४०० आणि ६०० नंबरचे दोन-दोन, शिवाय भांडी घासायची हिरवी घासणी, नवी कोरी. पीपी कोरडं घासलं किंवा खडबडीत पेपर वापरला तर त्याला बारीक लव सुटते, स्वेटरला सुटते तशी. डोळ्यांना नीट दिसत नाही, पण रंगाचा पहिला हात पडला की प्रत्येक तंतू उभा राहतो आणि जाळी दाढी वाढल्यासारखी दिसते. म्हणून नेहमी ओलं घासा, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून. कंपनीने दिलेला दाणेदार पोत जिथे आहे तिथे पेपर नको, घासणी वापरा. पेपर दाण्यांचे माथे कापतो आणि तेवढाच पट्टा गुळगुळीत होऊन वेगळा दिसतो. आतल्या भिंतींसाठी पेपरची पट्टी आइस्क्रीमच्या काडीला गुंडाळा. किती घासायचं? चमक कुठेही उरता कामा नये. जाळी उजेडाकडे तिरकी धरून प्रत्येक खिडकीत पाहा, चमकणारा ठिपका म्हणजे उद्या सुटणारा पापुद्रा. मग पुन्हा धुणं, वाळवणं, अल्कोहोलचे दोन हात. यापुढे जाळीला उघडा हात लावू नका, नायट्राइलचे मोजे घाला.

आता तो डबा, जो मागच्या वेळी राहून गेला: अ‍ॅढेशन प्रमोटर. हाच रंगाला प्लास्टिकवर पकड देतो. दुकानात प्लास्टिक प्रायमर म्हणूनही मिळतो. पण प्लास्टिक प्रायमर नावाने विकलं जाणारं सगळंच पीपीला चालत नाही, काही फक्त एबीएससाठी असतात. डब्यावर पॉलिप्रॉपिलीन किंवा पीपी लिहिलेलं पाहूनच घ्या. हा पाण्यासारखा पातळ, पारदर्शक किंवा हलका चंदेरी असतो. त्याचे दोन अगदी पातळ हात द्यायचे, मध्ये पाच ते दहा मिनिटं. जाड मारला तर तो खाली मऊ राहतो आणि वरचा रंग त्याच्यावरून घसरतो. त्यावर रंग कधी मारायचा ती वेळ डब्यावर दिलेली असते, ती तंतोतंत पाळा. वेळ टळून गेली तर हलकी घासणी फिरवून प्रमोटरचा हात पुन्हा द्यावा लागतो. म्हणजे प्रमोटर मारून जेवायला जायचं नाही. एबीएसच्या जाळीला याची गरज नसते, तिला घासून साधा प्लास्टिक प्रायमर पुरतो.

ओरखडे खोल नसतील तर पीपीवर वेगळा भरणीचा प्रायमर मारू नये असं मला वाटतं. खडीचा मार खाणाऱ्या जागी थर जितके कमी आणि पातळ, तितकं बरं. जाड थराचा टवका मोठा निघतो. प्रायमर लागलाच तर गडद राखाडी किंवा काळा घ्या. पांढऱ्या किंवा लाल प्रायमरवर खडी लागली की प्रत्येक खूण लांबून दिसते.

रंगाचा डबा घेताना 'बंपर ब्लॅक' किंवा 'ट्रिम ब्लॅक' मागा, हा प्लास्टिकबरोबर थोडा वाकतो. रेडिएटर गरम असतो म्हणून सायलेन्सरचा हाय टेंपरेचर काळा घेणारे पुष्कळ आहेत. ती चूक आहे. तो रंग तापवल्यावर पक्का होतो, तापला नाही तर मऊच राहतो. आणि खालच्या जाळीवर चालत्या गाडीत बाहेरची थंड हवा येत असते, तिला तसली उष्णता लागतच नाही. ऑइल पेंट आणि ब्रशही नको. ब्रशचा रंग खिडक्यांच्या कोपऱ्यात साचतो, महिनोन्महिने कच्चा राहतो आणि जाळीची भोकं लहान करतो.

ग्लॉस की मॅट? दोन्हींच्या मधला सॅटिन घ्या. ग्लॉस काळ्यावर धूळ, ओरखडा, पाण्याचा डाग, रंगातली लहर, सगळं दिसतं. ग्लॉस टिकाऊ करायला वर दोन घटकांचा क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, लागतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना घातक आहे आणि घरच्या अंगणात मारायची ती गोष्ट नाही. आरशासारखा चकचकीत पियानो ब्लॅकच हवा असेल तर घासलेली जाळी पेंट बूथवाल्याकडे न्या, मेहनतीचं काम झालेलं असल्याने तुमची मजुरीही वाचेल. अगदी मॅटचा त्रास वेगळा: मेणचट हात लागला की चकाकी येते आणि पॉलिश करून ती घालवता येत नाही. सॅटिन आजूबाजूच्या कच्च्या काळ्या प्लास्टिकशी जुळतो आणि उद्या एका कोपऱ्यात डाग दिला तरी जोड दिसत नाही.

एका हॅचबॅकच्या जाळीला ४०० मिलीचा एक डबा जेमतेम पुरतो, कारण समोरून दिसतं त्याच्या दुप्पट-तिप्पट क्षेत्र आतल्या भिंतींचं असतं. दोन डबे आणा, एकाच बॅचचे.

हवामान. इंदूरला दिवाळीच्या आसपासचे दोन आठवडे आणि फेब्रुवारी-मार्च सगळ्यात चांगले. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दव असतं आणि प्लास्टिक गार असतं. अकराच्या आधी सुरू करू नका, तीनच्या पुढे हात देऊ नका. डबा कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवला तर फवारा बारीक येतो. पाणी हाताला सोसेल एवढंच असावं, डबा कधीही ५० अंशांच्या वर तापू देऊ नये. मे महिन्यात उलट: रंगाचा थेंब जाळीपर्यंत पोचायच्या आत वाळतो आणि पृष्ठभाग रव्यासारखा खरखरीत होतो. शिवाय माळव्याचा वारा सुटलेला असतो. करायचंच तर सकाळी सात ते नऊ, भिंतीच्या आडोशाला. पावसाळ्यात नकोच. दमट हवेत रंगावर दुधासारखा पांढुरका पडदा येतो. आणि रंगपंचमीच्या आठवड्यात राजवाड्याच्या जवळपास राहत असाल तर काम पुढे ढकला. गेरीचा, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीचा, गुलाल दोन-तीन दिवस वाऱ्याबरोबर उडत राहतो आणि ओल्या काळ्या रंगावर गुलाबी ठिपके बसतात.

जागा मोकळी हवी: गच्ची किंवा अंगण. गॅस, देवघरातला दिवा, उदबत्ती, गॅस गीझर जवळपास नको, फवारा पेट घेतो. तोंडाला एन-९५ मास्क पुरत नाही, तो धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही. कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क घ्या. शेजाऱ्याची गाडी जवळ असेल तर झाकायला सांगा, उडालेला फवारा चार-पाच मीटरवर जाऊन बसतो आणि हाताला खडखड लागतो. फरशीवर आधी पाणी शिंपडा, पायाने उडणारी धूळ बसेल.

जाळी कागदावर सपाट ठेवू नका, कडा चिकटतात. क्लिपांच्या भोकांतून तार ओवून तिरकी टांगा. डब्यातली गोळी वाजायला लागली की तिथून पुढे दोन मिनिटं हलवा. पहिला फवारा पुठ्ठ्यावर मारून पाहा, नॉझल थुंकत असेल तर तिथेच कळेल.

जाळी रंगवताना समोरून सुरुवात करायची नाही. मधमाशांच्या पोळ्यासारख्या जाळीला चार तिरक्या बाजूंनी घ्यायचं असतं: आधी वरून खाली ४५ अंशांत, मग खालून वर, मग डावीकडून, मग उजवीकडून. असा प्रत्येक खिडकीच्या चारही भिंतींना रंग मिळतो. समोरचं तोंड सगळ्यात शेवटी, कारण या चार फेऱ्यांत त्याच्यावर निम्मा रंग आपोआप बसलेला असतो. समोरून सुरुवात केली तर तोंडावर ओघळ आणि भिंती कोऱ्या, असं ठरलेलंच. अंतर २० ते २५ सेंटिमीटर. हात जाळीच्या बाहेर सुरू होऊन बाहेरच संपला पाहिजे, मध्ये थांबला की तिथे रंग साचतो. पहिला हात धुक्यासारखा: खालचं प्लास्टिक अर्धंअधिक दिसत राहिलं पाहिजे. तो बघून मन अस्वस्थ होतं आणि हात परत तिथेच वळतो. वळू देऊ नका, हाच हात पुढच्या सगळ्या थरांना धरून ठेवतो. दहा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. चौथा लागला तर फक्त उणीव असेल तिथे. प्रत्येक हातानंतर खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत पाहा: तिथे मोहरीएवढा थेंब लोंबत असतो. ओला आहे तोवर कोरड्या ब्रशच्या टोकाने तो टिपून घ्या. वाळल्यावर काढायला गेलात तर घासून पुन्हा मारावं लागतं.

सगळे हात एका तासाच्या आत संपवा. राहिलंच तर दुसऱ्या दिवशी नाही, पूर्ण वाळल्यावर, म्हणजे ४८ तासांनी, हलकं ८०० नंबरने घासून. मधल्या काळात मारलेला हात खालच्या अर्धवट वाळलेल्या थराला फुगवतो आणि रंगाला सुरकुत्या पडतात. त्या पडल्या की उपाय एकच: काढा आणि पुन्हा करा.

रंगात गोल, खड्ड्यासारखे डोळे उमटले तर खाली सिलिकॉन राहिलं आहे. वरून जास्त रंग मारून ते बुजत नाहीत. वाळू द्या, अल्कोहोलने पुसा, घासा, पुन्हा पुसा आणि अगदी कोरडे धुक्याचे हात द्या. संत्र्याच्या सालीसारखं झालं तर डबा लांब होता किंवा हवा गरम होती. सॅटिनमध्ये ते थोडं असलं तरी फारसं दिसत नाही. पांढुरका पडदा आला तर कोरड्या दिवशी एक पातळ हात दिल्याने बहुधा जातो.

खरी परीक्षा घ्यायची असेल तर सगळं काम सुरू करायच्या आधी टोइंग हुकच्या छोट्या झाकणाच्या मागच्या बाजूवर हीच सगळी प्रक्रिया करून पाहा. तेही बहुधा प्लास्टिकचंच असतं, फक्त कोणत्या ते अक्षरांवरून बघून घ्या. २४ तासांनी ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा मारा, २५ लहान चौकोन होतील. त्यावर चांगली टेप दाबून बसवा आणि एका झटक्यात ओढा. एखाद्या चौकोनाचा कोपरा निघाला तर हरकत नाही. पाच-सहा चौकोन अख्खे निघाले तर धुण्यात किंवा प्रमोटरमध्ये चूक आहे. ती झाकणावर कळलेली बरी, जाळीवर नाही.

बसवायची घाई करू नका. हाताला कोरडा अर्ध्या तासात लागतो, पण जिभा दाबून जाळी बंपरमध्ये बसवायला २४ तास, थंडीत ४८. लवकर केलं तर नखांचे आणि अंगठ्याचे ठसे कायमचे राहतात. वाळायला कडक उन्हात पत्र्यावर ठेवू नका, काळी जाळी तापून वाकडी होते आणि मग जिभा जागेवर बसत नाहीत. सावलीत, वारा येईल पण धूळ येणार नाही अशा जागी टांगा. बसवताना जिभांच्या जागी रंगाचा थर जास्त झाला असेल तर तो आधी खरवडून काढा, नाहीतर जाळी जागी बसल्यासारखी वाटते आणि खंडवा रोडच्या पहिल्याच खड्ड्यात सैल होऊन वाजायला लागते. क्लिपा लावण्याआधी फॉग लॅम्प पेटवून बघा, कनेक्टर लावायचा राहिला असेल तर बंपर पुन्हा उतरवावा लागणार नाही.

पहिला आठवडा गाडी धुऊ नका, फक्त धूळ झटका. त्यानंतर साध्या पाण्याने आणि शाम्पूने चालेल. प्रेशरचं पाणी महिनाभर नको, आणि नंतरही नळी हातभर लांब धरायला सांगा. वॉशिंगवाल्याला आणखी एक गोष्ट तोंडाने सांगावी लागेल: जाळीवर टायर पॉलिश आणि डिझेल फिरवू नका. तो सवयीने फिरवतोच.

जाळीत क्रोमची पट्टी असेल आणि तीही काळी करायची असेल, तर लक्षात घ्या की ते क्रोम बहुधा एबीएसवर चढवलेलं असतं आणि त्याचा पृष्ठभाग काचेसारखा असतो. ४०० नंबरने तो पूर्ण मंद, राखाडी होईपर्यंत घासावा लागतो, मग प्लास्टिक प्रायमर आणि रंग. क्रोम कुठे फुगलेलं किंवा सुटलेलं असेल तर तो तुकडा काढून कडा घासून उतरती करा. नाहीतर खालचं क्रोम सुटताना वरचा रंगही घेऊन येतं. उद्या कदाचित पुन्हा चांदी हवी वाटेल अशी शंका असेल तर सोलून काढता येणारा रबरी रंग मारा, घासायचं काहीच नाही. तो मात्र पाच-सहा ओले हात देऊन जाड करावा लागतो, पातळ मारला तर सोलताना तुकडे तुकडे होतात. पेट्रोलचा थेंब त्याला खातो.

जाळी फक्त राखाडी पडली असेल, कुठे ओरखडे नसतील, आणि जुना रंग नसेल, तर रंगवू नका असंही मी सांगेन. ट्रिम रिस्टोररचा, म्हणजे फिक्या प्लास्टिकला पुन्हा काळं करणाऱ्या द्रव्याचा, हात दोन-तीन महिन्यांनी देत राहिलात तर कंपनीच्या कच्च्या प्लास्टिकला खडीचे टवके पडत नाहीत, कारण ते आतपर्यंत काळंच असतं. हीट गनने प्लास्टिक काळं करायचा प्रकारही दिसतो. तो काही महिनेच टिकतो, आणि त्यानंतर रंगवायचं ठरवलं तर वर आलेलं तेल काढता काढता नाकी नऊ येतात. तुमच्या जाळीवर आधीच रंग चढलेला आहे, त्यामुळे तुम्हाला रंगवण्याला पर्याय नाही.

उरलेल्या डब्याचं नॉझल, डबा उलटा धरून फक्त वायू येईपर्यंत दाबून साफ करून ठेवा. वर्षभरात खडीचे पाच-दहा ठिपके पडतीलच. तेव्हा झाकणात थोडा रंग फवारा, दोन मिनिटं थांबा म्हणजे दाट होईल, आणि दातकोरणीच्या टोकाने ठिपक्यात भरा. त्याआधी तेवढी जागा अल्कोहोलने पुसायला विसरू नका.